दारफाळणीचा उपवास, रब्बींचा सल्ला आणि आपली स्वतःची जबाबदारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इस्राएलमधल्या अश्दोद शहरात राहणाऱ्या एका बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या यहुदी समाजाच्या, कुटुंबातील ताईंनी विचारले आहे की त्यांची आई ७१ वर्षांची असून तिला मधुमेह आहे आणि रोज इन्सुलिन घ्यावे लागते. योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, आपल्या जुन्या भाषेतला दारफाळणीचा उपवास या वर्षी करू नका, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे, पण आई ऐकायला तयार नाही. भाऊ म्हणतो, ‘रब्बींना (धर्मगुरूंना) विचारू. ते सांगतील तसे करू, मग चूक झाली तरी पाप त्यांच्या माथी.’ हाच भाऊ घर घेताना, नोकरी बदलताना, मुलीच्या स्थळाच्या वेळीही प्रत्येक गोष्ट रब्बींना विचारून करतो. याउलट त्यांच्या आजीने अलिबाग तालुक्यातल्या एका खेड्यात एकाही रब्बीचे तोंड न पाहता उभा जन्म धर्माने काढला. मग ताई विचारतात की विचारायचे कुठवर, ऐकायचे कुठवर आणि चूक झाली तर ती कोणाची?

प्रथम माझ्याविषयी एक स्पष्टीकरण करतो. मी रब्बी नाही. आधी कोकणात व मुंबईत आणि पुढे इस्राएलमध्ये मिळून तीस वर्षांहून अधिक काळ मी हज्जान म्हणून प्रार्थना चालवली आहे. ज्यांना हिब्रू नीट बोलता येत नाही अशा आपल्या वडीलधाऱ्या माणसांना रब्बींकडे घेऊन जाणे, त्यांचा प्रश्न हिब्रूत मांडणे आणि उत्तर मराठीत समजावून देणे, हे कामही ओघाने माझ्याकडे आले. खाली जे लिहितो आहे ते त्या दोन माणसांच्या मध्ये बसून पाहिलेले आणि त्यानिमित्ताने अभ्यासलेले आहे. योम किप्पूरविषयीचा अंतिम निर्णय तुम्ही तुमच्या रब्बींकडूनच घ्यावा.

आईंच्या बाबतीत शास्त्र संदिग्ध नाही. तालमुद या आपल्या मोठ्या धर्मशास्त्रीय ग्रंथाच्या योमा या भागात आजारी माणसाच्या उपवासाची चर्चा आहे आणि तिची रचना विचार करण्यासारखी आहे. आजारी माणूस म्हणतो, ‘मला खाल्ले पाहिजे’ आणि वैद्य म्हणतो, ‘गरज नाही’, तर आजाऱ्याचे ऐकावे, कारण नीतिसूत्रांच्या पुस्तकात म्हटले आहे की हृदयाचे दुःख हृदयच जाणते. समोर शंभर वैद्य उभे राहिले तरी अशा वेळी आजाऱ्याचाच शब्द चालतो, असे तिथे एका आचार्यांचे मत नोंदवलेले आहे. मात्र वैद्य म्हणतो, ‘खाल्ले पाहिजे’ आणि आजारी म्हणतो, ‘नको’, तर वैद्याचे ऐकावे, कारण आजारपणाने माणसाचे भान हरपलेले असू शकते. म्हणजे दोन्ही वेळा पारडे जिवाच्या बाजूनेच झुकते. तुमच्या घरातला प्रसंग सरळसरळ दुसऱ्या प्रकारचा आहे. आई ‘नको’ म्हणत आहेत आणि डॉक्टर ‘हवे’ म्हणत आहेत, तेव्हा आईंनी खाल्ले पाहिजे. त्या दिवशी त्यांचे खाणे म्हणजे देवाकडून मिळालेली सवलत आहे असेही समजू नये. त्यांच्यासाठी त्या दिवशीची आज्ञाच ती आहे.

आता भावाच्या वाक्याकडे येतो, कारण खरा गुंता तिथे आहे. ‘पाप त्यांच्या माथी’ हे वाक्य मी गेल्या तीस वर्षांत असंख्य वेळा ऐकले आहे. ते बहुधा भाबडेपणाने बोलले जाते, त्यामागे लबाडी नसते. आपण कोकणातून आलो, हिब्रू तोडकीमोडकी, ग्रंथ वाचता येत नाहीत, समोर मोठी दाढी, काळी हॅट आणि भिंतभर पुस्तके. अशा वेळी आपला निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळे व्हावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण यहुदी धर्मात ही सोय नाही.

आपल्याकडे मुलगा तेरा वर्षांचा झाला आणि त्याला तोरासाठी, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या वाचनासाठी, बोलावले की बाप एक लहानसे वचन म्हणतो. त्याचा अर्थ असा की या मुलाच्या दोषांच्या शिक्षेतून ज्याने मला मोकळे केले तो धन्य. बार मित्झ्वाच्या गडबडीत, गोळ्या उधळल्या जात असताना, हे वचन कोणाच्या कानावर पडत नाही. तरी त्या क्षणी मुलाच्या कर्माची जबाबदारी बापाच्या खांद्यावरून उतरून मुलाच्या खांद्यावर जाते. जी जबाबदारी जन्मदात्या बापालाही तेराव्या वर्षानंतर वाहता येत नाही, ती साठाव्या वर्षी शेजारच्या वस्तीतल्या रब्बींना कशी वाहता येईल? तालमुदचे आणखी एक सूत्र याच अंगाचे आहे. ते सांगते की अपराधाच्या कामात मुखत्यार नसतो. एखाद्याने दुसऱ्याला पाप करायला पाठवले आणि तो गेला, तर ‘मला सांगितले म्हणून केले’ हे उत्तर त्याला देता येत नाही, कारण गुरूचा शब्द आणि शिष्याचा शब्द समोरासमोर असताना तू कोणाचा ऐकायला हवा होतास, असा प्रतिप्रश्न तिथे आहे. गुरू म्हणजे इथे प्रत्यक्ष देव.

तरीही भावाचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. मिश्नामध्ये, म्हणजे तालमुदचा पाया असलेल्या जुन्या नियमसंग्रहात, होरायोत नावाचा एक छोटा भाग आहे आणि त्याचा विषयच मुळी न्यायसभेने चुकीचा निर्णय दिला तर काय, हा आहे. आमच्या धर्मात सर्वोच्च न्यायसभाही चुकू शकते, हे गृहीत धरून त्यावर स्वतंत्र ग्रंथ रचला गेला याचे मला आजही अप्रूप वाटते. त्यात म्हटले आहे की सामान्य माणसाने न्यायसभेच्या निर्णयावर विसंबून कृती केली आणि निर्णय चुकीचा निघाला, तर तो माणूस व्यक्तिशः दोषमुक्त आहे. पण सभेतल्या एखाद्या सदस्याला, किंवा निर्णय देण्याइतपत शिकलेल्या शिष्याला, ही चूक आहे हे ठाऊक होते आणि तरीही त्याने त्यांच्या शब्दावर तेच केले, तर तो दोषी आहे. म्हणजे जबाबदारी ज्ञानाच्या मापाने मोजली जाते. ज्याला खरोखर माहीत नव्हते त्याला आधार मिळतो. ज्याला माहीत होते त्याला रब्बींच्या पाठीमागे लपता येत नाही. भावाला डॉक्टरांचे म्हणणे माहीत आहे. ते त्याने रब्बींना पूर्ण सांगितले नाही, किंवा ‘आईला थोडी साखर आहे’ इतकेच सांगून उपवासाची परवानगी मिळवली, तर पुढे जे होईल त्याचा भार त्या अर्धवट प्रश्नावर, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यावरच पडेल.

अनुवाद या तोराच्या पाचव्या पुस्तकातल्या एका वचनावर जुन्या आचार्यांनी किती विचार केला आहे पाहा. ‘ते सांगतील त्यापासून उजवीकडे वा डावीकडे वळू नकोस’ असे तोरात आहे. सिफ्रे हा ग्रंथ म्हणतो की उजव्याला डावे म्हणाले असे तुला वाटले तरी ऐक. जेरुसलेमी तालमुद नेमके उलट म्हणतो की उजव्याला उजवे आणि डाव्याला डावे म्हणतील तेव्हाच ऐक. दोन्ही वचने आपल्याच परंपरेतली आहेत आणि पंडित आजतागायत त्यांचा मेळ घालत आहेत. मला स्वतःला असे वाटते की पहिले वचन उद्धटपणावरचा उपाय आहे आणि दुसरे आंधळेपणावरचा. कोणत्या घरात कोणते औषध लागते हे त्या घराकडे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

एका आजोबांचा प्रसंग मी नेहमी सांगतो. सत्तरी ओलांडलेले, हृदयाच्या गोळ्या चालू, योम किप्पूरच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना एका रब्बींकडे घेऊन गेलो. आजोबांनी खिशातून गोळ्यांची पाकिटे रबर लावून आणली होती, ती टेबलावर ठेवली आणि मला म्हणाले, ‘त्यांना सांग, तुम्ही म्हणाल तसं.’ मी तसे सांगितले. रब्बींनी उत्तर दिले नाही. त्यांनी एकेक पाकीट उचलून नाव वाचले, कोणती गोळी रिकाम्या पोटी चालते हे विचारले, डॉक्टरांना फोन लावायला लावला आणि शेवटी माझ्याकडे न पाहता आजोबांकडे पाहत विचारले, ‘मागच्या वर्षी दुपारी तीन वाजता तुम्हाला काय होत होतं?’ आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, ‘डोळ्यापुढे अंधारी येत होती. कोणाला बोललो नाही.’ हे एक वाक्य काढण्यासाठी रब्बींनी अर्धा तास खर्च केला होता, कारण ते वाक्य कोणत्याच ग्रंथात सापडण्यासारखे नव्हते. ते फक्त आजोबांकडे होते. त्यानंतर रब्बींनी त्यांना थोडे थोडे खाण्याची रीत समजावून दिली. ठरावीक मापापेक्षा कमी, म्हणजे एका वेळी साधारण तीस मिलिलिटरच्या आत, आणि दोन घासांमध्ये सुमारे नऊ मिनिटांचे अंतर. (ही रीत प्रत्येक आजाराला पुरत नाही. डॉक्टरांनी पोटभर खायला सांगितले असेल तर तेच करावे. आईंच्या बाबतीत हे स्वतंत्रपणे विचारा.)

‘स्वतःसाठी एक रब्बी कर’ असे मिश्नाच्या पूर्वजांच्या नीतिवचनांत दोनदा आले आहे. यहोशुआ बेन पेरह्या म्हणतात की रब्बी कर, मित्र मिळव आणि प्रत्येक माणसाकडे चांगल्या बाजूने पाहा. रब्बान गमलिएल म्हणतात की रब्बी कर आणि संशयातून दूर हो. ‘कर’ या क्रियापदाकडे लक्ष द्या. रब्बी आपल्यावर नेमला जात नाही, आपण तो निवडायचा, आणि ही निवड हीच पहिली जबाबदारी आहे. ज्याला तुमचे घर, तुमची ऐपत, तुमच्या आईचा हट्टी स्वभाव माहीत आहे असा एकच माणूस धरावा आणि त्याच्याकडे सातत्याने जावे. एकाने ‘नाही’ म्हटले की दुसऱ्याकडे, दुसऱ्याने म्हटले की तिसऱ्याकडे, आणि कोणी ‘हो’ म्हणेपर्यंत फिरत राहायचे, ही रीत तालमुदने स्पष्ट नाकारली आहे. दुसऱ्याला विचारायचेच असेल तर पहिल्याने काय सांगितले ते आधी त्याला सांगावे लागते.

घर, नोकरी, स्थळ यांविषयी मात्र मला भावाला थोडे थांबवावेसे वाटते. हसिदी या यहुदी भक्तिपंथांत रेब्बेंकडे, म्हणजे पंथगुरूंकडे, चिठ्ठी लिहून आपले सगळे सुखदुःख नेण्याची प्रथा आहे आणि ती लाखो लोकांना आधार देते, हे मी आदराने मान्य करतो. पण त्याच पंथातल्या हबाद शाखेचे संस्थापक लियादीचे रब्बी श्नेउर झल्मान यांची साक्ष काढावीशी वाटते. त्यांनी १७९६ साली तन्या हा ग्रंथ छापला, तोच मुळी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्याइतका वेळ उरला नाही म्हणून. त्यांच्या एका पत्रात ते अनुयायांना कळकळीने विचारतात की ऐहिक व्यवहारात काय करावे हे आपल्या पंडितांना विचारण्याची प्रथा तुम्ही कोणत्या जुन्या ग्रंथात पाहिली? बायबलच्या कथेत हरवलेल्या गाढवींसाठी शौल शमुवेलकडे गेला होता, पण शमुवेल संदेष्टा होता आणि आता संदेष्टे नाहीत. हसिदी परंपरेतल्या एका थोर गुरूने स्वतःच हे लिहून ठेवले आहे. एखाद्या व्यवहारात व्याज येते का, शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) कामावर जावे लागेल का, भागीदारावर अन्याय होतो का, हे रब्बींना जरूर विचारावे. बेअरशेबात फ्लॅट घ्यावा की दिमोनात, यासाठी बँकेचा हप्ता आणि मुलांची शाळा पाहावी आणि बायकोला विचारावे. मुलीचे स्थळ मुलीला विचारावे.

आजीविषयी तुम्ही जे लिहिले ते वाचून मी क्षणभर थांबलो. आपल्या समाजाला शतकानुशतके रब्बी नव्हते. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, शेमा या मुख्य प्रार्थनेचे शब्द होते, आठव्या दिवशीची सुंता होती आणि काय खावे, काय खाऊ नये याची जाण होती. डेव्हिड राहबी हे यहुदी शिक्षक कोकणात आले तेव्हा त्यांनी बायकांपुढे वेगवेगळे मासे ठेवले आणि त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे आपणहून बाजूला काढले, अशी कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. राहबींनी नंतर झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून काजी, म्हणजे समाजाचे धर्मकार्य पाहणारे, केले असे परंपरा सांगते. या कथेचा क्रम मला मोलाचा वाटतो. शिकवणारा आला तो आधी पाहायला की या लोकांनी स्वतःहून काय सांभाळले आहे, आणि शिकवायला बसला तो त्यानंतर. मासे निवडणाऱ्या त्या बायकांच्या मागे कोणी रब्बी उभा नव्हता. तुमच्या आजीच्या मागेही नव्हता.

पण म्हणून आजीचा मार्ग आज जसाच्या तसा चालेल असे मात्र मी म्हणणार नाही. पूर्वजांना जे माहीत नव्हते ते त्यांनी केले नाही, यात त्यांचा दोष नव्हता. आपल्या हाकेच्या अंतरावर आज शिकवणारे आहेत. तेव्हा ‘आजीने कुठे विचारले होते’ असे म्हणून न शिकणे हा आजीचा मान राखणे होत नाही. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले आणि पुढे कोचीनहून शिक्षक आले तेव्हा आपल्याच माणसांनी त्यांच्याकडून हिब्रू प्रार्थना शिकून घेतल्या, आणि एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी त्या मराठीत आणल्या, कारण आपण काय म्हणतो आहोत हे म्हणणाऱ्याला कळले पाहिजे. तसेच हेही आठवते की १९६० नंतर इस्राएलमध्ये विवाहाच्या नोंदणीवेळी आपल्या समाजाच्या वंशाची चौकशी करण्याच्या सूचना निघाल्या, तेव्हा आपल्या लोकांनी रब्बींचा धर्म नाकारला नाही आणि अन्यायही मुकाट गिळला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले आणि त्या सूचना बदलून घेतल्या. धरणे धरलेले तेच लोक शब्बाथला सिनेगॉगमध्ये जात होते.

सल्ला आणि जबाबदारी एकमेकांत कशी गुंफलेली असते हे मला सर्वांत स्पष्ट दिसते ते नवस सोडवताना. आपल्याकडे इलियाहू हन्नबीचा (संदेष्टा एलियाचा) नवस बोलायची रीत आहे आणि मलिद्याचे ताट पोहे, गूळ, खोबरे आणि फळांनी सजते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. पण कोणी रागाच्या किंवा भीतीच्या भरात अवघड व्रत बोलून बसतो. एक मावशी दर सोमवारी आणि गुरुवारी उपवास करीन असे बोलल्या होत्या आणि पुढे पोटाच्या दुखण्याने तो झेपेना. तोरात असे आहे की माणसाने आपला शब्द मोडू नये, आणि त्यातून आचार्यांनी असे काढले की तो स्वतः मोडू शकत नाही, पण दुसरे त्याला सोडवू शकतात. त्यासाठी रब्बीच लागतात असे नाही, तीन जाणती सामान्य माणसे चालतात. रोश हशानाच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, आधी सिनेगॉगच्या मागच्या बाकावर आम्ही तिघे बसलो, मावशी पदर डोक्यावर घेऊन समोर उभ्या राहिल्या. आम्ही एकच विचारले, ‘पुढे असं दुखणं येणार हे तेव्हा ठाऊक असतं, तर हे बोलला असतात का?’ त्या म्हणाल्या, ‘नसते बोलले.’ मग आम्ही तीनदा म्हटले की तुम्हाला मोकळीक आहे. आम्हा तिघांना सोडवण्याचा अधिकार होता, पण ‘नसते बोलले’ हे वाक्य त्यांच्या वतीने आम्हांपैकी कोणीही म्हणू शकत नव्हते, आणि ते त्यांनी म्हटले नसते तर आमचा अधिकार फुकट गेला असता.

योम किप्पूरच्या क्षमेचेही असेच आहे. माणूस आणि देव यांच्यातले अपराध तो दिवस धुतो, पण माणूस आणि माणूस यांच्यातले अपराध ज्याचे त्याने समोरच्याला राजी केल्याशिवाय धुतले जात नाहीत, असे मिश्ना सांगते. रामबाम (मध्ययुगीन धर्मपंडित मैमोनिदेस) लिहितात की समोरचा मानला नाही तर त्याच्या तीन मित्रांना घेऊन जावे, पुन्हा नाही मानला तर आणखी दोनदा जावे. रब्बींनी फोन करून तुमच्या वतीने माफी मागावी, असे कुठेही नाही. आईंशी उपवासावरून घरात चढ्या आवाजात बोलणे झाले असेल, तर या कामाची सुरुवात तिथूनही करता येईल.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. रब्बींकडे भावाने एकट्याने जाऊ नये. आईंनी स्वतः जावे, कारण त्यांच्या मनातली खरी अडचण कदाचित शास्त्राची नसून ‘अख्खी मशीद (म्हणजे आपले सिनेगॉग) उपाशी असताना मी कशी खाऊ’ ही असेल, आणि ती त्यांनीच बोलली पाहिजे. जाताना डॉक्टरांचे लेखी म्हणणे, इन्सुलिनच्या वेळा आणि गेल्या काही आठवड्यांतल्या साखरेच्या नोंदी न्याव्यात. सणाच्या आदल्या दिवशी धावत जाऊ नये, निदान दोन आठवडे हाताशी ठेवावेत, म्हणजे डॉक्टर आणि रब्बी एकमेकांशी बोलू शकतील. त्या दिवशी इन्सुलिन किती घ्यायचे हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा आहे.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. त्या दिवशी आईंना घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर कोणीही कोणाला विचारायला जाऊ नये. जेरुसलेमी तालमुदमध्ये म्हटले आहे की जीव धोक्यात असताना जो तातडीने करतो तो स्तुत्य आहे, जो विचारायला जातो तो रक्त सांडणारा आहे, आणि ज्याला विचारायला जावे लागले त्या रब्बींसाठीही ती लाजेची बाब आहे, कारण त्याने हे लोकांना आधीच शिकवून ठेवायला हवे होते. म्हणून मी ते इथे लिहून ठेवतो आहे. संध्याकाळी दारफाळणीचे दार लागण्यापूर्वी साखरेचे पाणी भरलेला पेला झाकून आईंच्या उशाशी ठेवा, आणि तो तिथे आहे हे त्यांना हाताने चाचपून पाहायला सांगा.